‘ख्रिश्चन’ म्हणजे नेमकं कोण? धर्म एक, पंथ अनेक आणि ओळखीचा हिशोब

देशात २०२७ च्या जनगणनेची चर्चा सुरू झाल्यापासून जातीच्या रकान्यावर भरपूर बोललं गेलं. धर्माच्या रकान्यावर मात्र फारसं कुणी बोलत नाही. तिथे सगळं सरळ आहे, असं वाटतं.

पण वसईतलं एखादं कॅथलिक कुटुंब, अहिल्यानगरमधलं चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं कुटुंब आणि नवी मुंबईत राहणारं केरळचं ऑर्थोडॉक्स कुटुंब घ्या. जनगणनेत तिघांपुढेही एकच शब्द येणार: ख्रिश्चन. प्रत्यक्षात या तिघांची उपासना वेगळी, चर्चचा कारभार वेगळा, अनेकदा दफनभूमीही वेगळी.

मग ख्रिश्चन माणूस स्वतःची ओळख कशी सांगतो? धर्माने की पंथाने? आणि त्याने फरक काय पडतो?

सरकारच्या लेखी किती ख्रिश्चन?

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात २.७८ कोटी ख्रिश्चन होते, म्हणजे लोकसंख्येच्या २.३ टक्के. महाराष्ट्रात हा आकडा सुमारे १०.८ लाख, तर गोव्यात लोकसंख्येच्या २५ टक्के.

यात कॅथलिक किती आणि प्रोटेस्टंट किती, हे जनगणना सांगत नाही. सहा मोठ्या धर्मांसाठी एकेक क्रमांक ठरलेला असतो आणि ख्रिश्चनांसाठी एकच. ब्रिटिश काळातल्या जनगणनांमध्ये पंथाचीही नोंद होत असे, ती पुढे थांबली.

पंथांचा अंदाज येतो तो सर्वेक्षणांमधून. प्यू रिसर्च सेंटरने २०१९-२० मध्ये केलेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भारतातल्या ३७ टक्के ख्रिश्चनांनी स्वतःला कॅथलिक म्हटलं, तर १३ टक्क्यांनी बॅप्टिस्ट. उरलेले निम्मे अनेक लहान-मोठ्या पंथांमध्ये विभागलेले होते.

ही पद्धत सगळीकडे सारखी नाही. इंडोनेशियात सरकारमान्य सहा धर्मांच्या यादीत प्रोटेस्टंट आणि कॅथलिक हे दोन स्वतंत्र धर्म आहेत. चीनमध्येही पाच मान्य धर्मांमध्ये या दोघांची नोंद वेगवेगळी होते. म्हणजे भारतात जे दोन शेजारी एकाच धर्माचे ठरतात, ते जकार्तात कागदावर दोन वेगळ्या धर्मांचे ठरतील. धर्म कुठे संपतो आणि पंथ कुठे सुरू होतो, हे श्रद्धेइतकंच सरकारी फॉर्मवरही अवलंबून असतं.

श्रद्धेत एकमत कुठे, मतभेद कुठे?

येशू ख्रिस्त, बायबल आणि पिता-पुत्र-पवित्र आत्मा असा त्रिएक देव, यावर बहुतेक सर्व पंथांचं एकमत आहे. इ.स. ३२५ मध्ये नायसिया इथे भरलेल्या धर्मपरिषदेत या श्रद्धेची मांडणी झाली. त्या परिषदेला १७०० वर्षं झाली म्हणून नोव्हेंबर २०२५ मध्ये पोप लिओ चौदावे आणि ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख बार्थोलोम्यू यांनी त्याच ठिकाणी, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकमध्ये, एकत्र प्रार्थना केली.

मतभेद सुरू होतात ते अधिकाराच्या प्रश्नावर. पोपचा शब्द अंतिम मानायचा का? बाप्तिस्मा तान्ह्या बाळाला द्यायचा की मोठेपणी, समजून-उमजून घ्यायचा? स्त्रिया धर्मगुरू होऊ शकतात का?

रोजच्या व्यवहारात हे फरक लगेच दिसतात. दुसऱ्या पंथात पाण्याने आणि त्रिएक देवाच्या नावाने झालेला बाप्तिस्मा कॅथलिक चर्च ग्राह्य धरतं. उलट अनेक बॅप्टिस्ट आणि स्वतंत्र चर्चेस बालपणीचा बाप्तिस्मा मानत नाहीत, तिथे तो मोठेपणी पुन्हा घ्यावा लागतो.

मराठीत तर शब्दांवरूनही अंदाज येतो. ‘फादर’, ‘मिस्सा’, ‘ख्रिस्तसभा’ हे शब्द कानावर आले तर बोलणारा बहुधा कॅथलिक असतो. ‘पाळक’, ‘प्रभुभोजन’, ‘मंडळी’ म्हणणारा बहुधा प्रोटेस्टंट.

महाराष्ट्रात पंथ ठरला जिल्ह्यावरून

पंथ म्हणजे विचारपूर्वक केलेली निवड, असा समज असतो. महाराष्ट्राचा इतिहास वेगळं सांगतो.

वसई आणि मुंबईच्या किनाऱ्यावर पोर्तुगीज आले, म्हणून तिथले ख्रिश्चन कॅथलिक झाले. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत उतरले आणि पुढे अहमदनगरमध्ये स्थिरावले. कोल्हापूर-मिरज भागात अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशन गेलं, नाशिकमध्ये अँग्लिकनांची चर्च मिशनरी सोसायटी, तर विदर्भ-खानदेशात आणखी वेगळी मिशन्स. एकमेकांच्या वाटेत यायचं नाही म्हणून मिशन्सनी बऱ्याच ठिकाणी आपापले भाग वाटून घेतले होते.

परिणाम असा की पणजोबा कोणत्या तालुक्यात राहत होते, त्यावर नातवंडांचा पंथ ठरला. युरोप-अमेरिकेत ज्या वादांमधून हे पंथ जन्मले, त्या वादांशी इथल्या माणसांचा संबंध नव्हता.

ही अडचण मराठी ख्रिश्चनांना तेव्हाच जाणवली होती. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमधल्या वाँटेज इथे अँग्लिकन चर्चमध्ये बाप्तिस्मा घेतला. पण त्या पंथाची प्रत्येक शिकवण डोळे झाकून स्वीकारायला त्या तयार नव्हत्या. यावरून त्यांचे तिथल्या सिस्टर्सशी खटके उडाले, हे त्यांच्या पत्रव्यवहारात दिसतं. पुढे केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये वेगवेगळ्या पंथांच्या स्त्रिया एकत्र काम करत होत्या.

कवी नारायण वामन टिळक त्याही पुढे गेले. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ ही कल्पना मांडली. तिथे बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त येऊ शकत होते. १९१९ मध्ये टिळकांचं निधन झालं आणि तो प्रयोग फार वाढला नाही.

नागपूर, १९७०: सहा पंथ एका छताखाली

पंथांच्या भिंती पाडण्याचा मोठा प्रयत्न झाला तो २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल परंपरेचं युनायटेड चर्च, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, ब्रिटिश परंपरेचे मेथॉडिस्ट आणि डिसायपल्स ऑफ ख्राइस्ट अशा सहा प्रवाहांनी एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन केलं. दक्षिणेत असं एकीकरण १९४७ मध्येच झालं होतं.

पण अमेरिकन परंपरेचं मेथॉडिस्ट चर्च ऐनवेळी बाहेर राहिलं. आणि जे आत आले, त्यांच्यातही मालमत्तेचे वाद उभे राहिले.

गुजरातमधल्या ब्रदरेन चर्चच्या मालमत्तेचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१३ मध्ये न्यायालयाने म्हटलं की विलीनीकरणाचा ठराव झाला म्हणून सार्वजनिक न्यासाची मालमत्ता आपोआप नव्या चर्चकडे जात नाही, त्यासाठी मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याची प्रक्रिया पाळावी लागते.

थोडक्यात, उपासना एकत्र करता येते. सातबारा एकत्र करणं अवघड असतं. शाळा, रुग्णालयं आणि शहरांतल्या मोक्याच्या जागा पंथांच्या नावावर आहेत, त्यामुळे पंथाचं नाव हा पैशाचा आणि हक्काचाही प्रश्न आहे.

पंथ खरा आठवतो लग्नात आणि मरणात

एरवी ‘आम्ही ख्रिश्चन’ म्हणणाऱ्यालाही दोन प्रसंगी पंथ सांगावा लागतो.

पहिला लग्नाचा. कॅथलिक व्यक्तीला प्रोटेस्टंट जोडीदाराशी चर्चच्या नियमांनुसार लग्न करायचं तर बिशपची परवानगी लागते. लग्न मोडलं तर पेच वाढतो. चर्चच्या न्यायाधिकरणाने विवाह रद्द ठरवला तरी कायद्याच्या दृष्टीने तो घटस्फोट नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्येच स्पष्ट केलं आहे. त्यामुळे चर्चमध्ये पुन्हा लग्न करू इच्छिणाऱ्या कॅथलिकाला दोन दारं ठोठवावी लागतात. कोर्टासाठी तो ‘ख्रिश्चन’ असतो, चर्चसाठी ‘कॅथलिक’.

दुसरा प्रसंग अंत्यसंस्काराचा. केरळमध्ये ऑर्थोडॉक्स आणि जेकोबाइट हे मलंकारा चर्चचे दोन गट. परंपरा एक, उपासना जवळपास सारखी. वाद कारभार कुणाचा यावर. ३ जुलै २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चर्चची १९३४ ची घटना सर्व पॅरिशना लागू असल्याचा निकाल दिला. त्यानंतर चर्चच्या ताब्यावरून संघर्ष वाढला आणि काही ठिकाणी अंत्यसंस्कारही अडले. शेवटी २०२० मध्ये केरळ सरकारला कायदा करावा लागला: चर्च कोणत्याही गटाकडे असलं तरी कुटुंबाला आपल्या पूर्वजांच्या दफनभूमीत दफनाचा हक्क राहील.

बाहेरच्यासाठी मात्र सगळे सारखेच

छत्तीसगडमधल्या बस्तरच्या एका गावात एका पाळकाचं निधन झालं आणि गावात दफनाला विरोध झाला. मृतदेह जवळपास तीन आठवडे शवागारात राहिला. जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचं मत वेगवेगळं पडलं आणि अखेर वीसेक किलोमीटरवरच्या ख्रिश्चन दफनभूमीत दफन करण्याचा आदेश झाला. या वादात पंथाचा मुद्दाच नव्हता.

फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची २०२० च्या उस्मानाबाद मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हाही झालेला विरोध ‘ख्रिश्चन धर्मगुरू’ म्हणून होता. ते कॅथलिक आहेत की आणखी कुणी, याच्याशी विरोधकांना देणंघेणं नव्हतं.

म्हणून अनेकांची ओळख दोन पातळ्यांवर चालते. समाजात आत असताना पंथ, बाहेरून दबाव आला की धर्म.

अमेरिकेत पाट्या उतरतायत

पंथांचं माहेरघर मानल्या जाणाऱ्या अमेरिकेत उलटा प्रवाह दिसतो. तिथल्या २०२० च्या धर्मगणनेत कोणत्याही पंथाशी न जोडलेल्या चर्चेसची संख्या ४४,३१९ आणि त्यांचे अनुयायी सुमारे २.१ कोटी होते. २०१० मध्ये ही संख्या १.२ कोटींच्या आसपास होती. याच काळात सदर्न बॅप्टिस्ट या सर्वांत मोठ्या प्रोटेस्टंट पंथाची सदस्यसंख्या घटत राहिली: २००६ मध्ये १.६३ कोटी, २०२४ मध्ये १.२७ कोटी.

मुंबई-पुण्यातही हॉलमध्ये भरणारी स्वतंत्र चर्चेस आता नवी नाहीत. गोव्यात कॅथलिक चर्च सोडून अशा मंडळींत गेलेल्यांना ‘बिलिव्हर’ असं वेगळं नावच पडलं आहे. गंमत म्हणजे पंथ सोडून निघालेल्यांनाही शेवटी एक नवी पाटी मिळाली.

या मोकळेपणाची किंमतही आहे. पंथात बिशप असतो, घटना असते, बाप्तिस्म्याची आणि लग्नाची नोंदवही असते, दफनाची जागा असते. स्वतंत्र चर्चमध्ये बरंच काही एका पाळकावर अवलंबून असतं. तो चुकला तर तक्रार कुणाकडे करायची? मोठ्या पंथांतही तक्रारी दडपल्या गेल्याची उदाहरणं आहेत, पण तिथे निदान जाब विचारायला एक दार असतं.

मग जनगणनेच्या आकड्याकडे कसं पाहायचं?

२०२७ नंतर ख्रिश्चनांचा नवा आकडा येईल आणि तो वाढला की घटला यावर सोशल मीडियावर वाद होतील. तेव्हा इतकं लक्षात ठेवलेलं बरं: तो आकडा एका संघटनेचा, एका नेत्याचा किंवा एका विचाराचा नाही. त्यात पोपला मानणारे आहेत आणि न मानणारेही. चारशे वर्षं कॅथलिक असलेली घरं आहेत आणि गेल्या वर्षी पंथ बदललेली माणसंही. ‘ख्रिश्चनांचं म्हणणं काय?’ असं कुणी विचारलं, तर आधी विचारावं लागेल: कोणत्या ख्रिश्चनांचं?