पाठीवरचे ओझे आणि गोदामातील यंत्र

सदाशिव पेठेतील घराच्या दाराशी मागविलेली वस्तू दुसऱ्याच दिवशी येते, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. ती चाकण वा भिवंडीच्या गोदामात रात्रपाळीच्या कामगारांनी यंत्राने उतरविलेली असते, हे मात्र सहसा ध्यानी येत नाही. गोदामातील अपघातही म्हणूनच नागर समाजाच्या नजरेआड राहतात.

हमालाच्या पाठीची व्यथा पुण्याला अपरिचित नाही. 1950 च्या दशकात डॉ. बाबा आढाव यांनी येथे हमाल पंचायत उभी केली. 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला आणि अंगमेहनत करणाऱ्यास नोंदणी, नियमित मजुरी व भविष्यनिर्वाह निधी यांचा आधार मिळाला. पुढे यंत्र आले, पाठीवरचे ओझे हलके झाले. हे स्वागतार्हच होय. परंतु ओझ्याबरोबर मालकाची जबाबदारीही हलकी व्हावी काय?

माल उचलणारे फोर्कलिफ्ट मोटारीसारखे दिसले तरी मोटारीसारखे वागत नाही. त्याची मागची चाके वळतात. साहजिकच वळताना मागचा भाग झपाट्याने बाहेर येतो आणि शेजारचा मजूर भिंतीशी चिरडला जाऊ शकतो. माल उंच धरून वळल्यास यंत्र कलंडते व उडी टाकणारा चालक त्याखाली सापडतो. यावरील उपाय साधे आहेत: चालकास पट्टा, माणसांची व यंत्रांची वाट वेगळी, माल जमिनीलगत ठेवून चालविण्याची शिस्त आणि प्रशिक्षणावाचून किल्ली न देणे. अमेरिकेत दर तीन वर्षांनी चालकाचे कौशल्य पुन्हा तपासावेच लागते.

आपला कायदा गोदामाकडे उशिरा वळला. 1976 च्या दुरुस्तीने शीतगृह हे कारखाना ठरले; केवळ साठवणुकीचे गोदाम बाहेरच राहिले. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापना कक्षेत घेतल्या, हे उचितच झाले. मात्र सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती कारखाने, बांधकामे व खाणी यांनाच आहे. पाचशे कामगारांच्या कारखान्यात तो हवा आणि तेवढ्याच कामगारांच्या गोदामात नको, या भेदाचे समर्थन कसे करणार?

ही उणीव भरून काढण्यासाठी राज्याने केंद्राकडे आग्रह धरला पाहिजे. ग्राहकांनीही एवढे ओळखावे की वस्तू एक दिवस उशिरा आल्याने पेठेचे काही बिघडत नाही; घाईत गेलेला हात मात्र परत येत नाही.