थाट, राग आणि रक्तदाब

मोबाइलवर फिरणाऱ्या आरोग्यविषयक संदेशांत एक तक्ता अनेक वर्षे टिकून आहे. डावीकडे आजार, उजवीकडे राग. उच्च रक्तदाबाला तोडी किंवा अहिरभैरव, कमी रक्तदाबाला मालकंस, आणि मग ही यादी निद्रानाश, आम्लपित्त करत मधुमेहापर्यंत जाते. वर प्राचीन शास्त्राचा शिक्का. नुसती करमणूक असती तर सोडून देता आले असते. पण उच्च रक्तदाब हा मुका आजार आहे. बहुतेकांना त्याचा काहीच त्रास जाणवत नाही, त्यामुळे रोजची गोळी मुळातच नकोशी वाटते. त्यात असा तक्ता हाती आला की गोळी बंद करायला एक सुसंस्कृत सबब मिळते. गोळी थांबवल्यावर वाढलेला दाब मेंदू, हृदय आणि मूत्रपिंड यांच्यावर काम करत राहतो, आणि त्याची खबर पुष्कळदा पक्षाघातानेच लागते.

हा तक्ता वैद्यकाच्या कसोटीला उतरतो का, हा पुढचा प्रश्न. तो आधी संगीताच्याच कसोटीला उतरत नाही. रागाचे नाव औषधाच्या नावासारखे वापरायचे तर त्या नावाखाली नेमके काय येते हे ठरलेले हवे. ते कसे ठरते, हे स्वरसप्तकांच्या बांधणीत आणि त्यांच्या वर्गीकरणात पाहायला मिळते.

सप्तकात बारा स्वरस्थाने. सा आणि प अचल. रे, ग, ध, नि यांची प्रत्येकी दोन रूपे, कोमल आणि शुद्ध. मध्यमाची शुद्ध आणि तीव्र. प्रत्येक स्वराचे एकच रूप घेऊन सात स्वरांची रांग लावायची म्हटले तर पाच स्वरांबाबत दोन-दोन पर्याय, म्हणजे एकूण ३२ रांगा होतात. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांनी त्यांतल्या फक्त दहा घेतल्या: बिलावल, कल्याण, खमाज, भैरव, पूर्वी, मारवा, काफी, आसावरी, भैरवी आणि तोडी. हे दहा थाट. थाटात सातही स्वर हवेत, ते क्रमाने हवेत. तो कानाला गोड लागलाच पाहिजे अशी अट नाही. थाट गायचा नसतोच. ती रागांची मांडणी करण्यासाठी केलेली फडताळे आहेत.

बत्तीसमधून दहाच का? भातखंडे व्यवसायाने वकील होते आणि त्यांनी पुरावा गोळा करावा तशा चिजा गोळा केल्या. उस्तादांकडून ऐकले, लिहून घेतले, हस्तलिखिते शोधत देशभर हिंडले. राग-रागिणींची जुनी कुळे त्यांच्यापुढे होती. एक राग, त्याच्या भार्या, त्याचे पुत्र. पण एका मताच्या यादीत जी एका रागाची भार्या, ती दुसऱ्या मतात दुसऱ्याच घरात. या नात्यांचा स्वरांशी संबंधही सहसा दाखवता येत नसे. त्यामुळे प्रत्यक्ष गायल्या जाणाऱ्या बहुतेक रागांना पुरतील एवढे कप्पे त्यांनी ठेवले. ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’ या त्यांच्या मराठी ग्रंथाचे चार भाग गुरु-शिष्यांच्या संवादाच्या रूपात आहेत, यावरूनच कळते की हेतू शिकवण्याचा होता. उपचाराचा नव्हता. शिवाय ही दहा थाटांची व्यवस्था विसाव्या शतकातली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात ग्राम, मूर्च्छना, जाती आहेत. आजचे राग त्यात नाहीत. प्राचीन हा शब्द जरा जपून वापरलेला बरा.

दक्षिणेत गणित अधिक काटेकोर झाले. तंजावरच्या व्यंकटमखी यांनी सतराव्या शतकात ‘चतुर्दण्डी प्रकाशिका’ या ग्रंथात ७२ मेलांची योजना मांडली. सा आणि शुद्ध मध्यम यांच्या दरम्यान चार स्वरस्थाने आहेत. त्यांतली कोणतीही दोन निवडायची. खालच्याला रे म्हणायचे, वरच्याला ग. अशा सहा जोड्या. प आणि वरचा सा यांच्यामध्येही तशाच सहा. सहा गुणिले सहा छत्तीस, आणि मध्यम दोन प्रकारचा म्हणून बहात्तर. यांत ४० मेल असे आहेत की ज्यांत उत्तरेच्या कानाला रे, ग, ध, नि यांपैकी कोणत्या तरी स्वराची दोन्ही रूपे लागोपाठ येताना दिसतात. ते वगळले तर उरतात बरोबर ३२, उत्तरेच्या हिशेबाइतकेच. पुढच्या ग्रंथकारांनी मेलांची नावेही अशी जुळवली की पहिल्या दोन अक्षरांवरून क्रमांक काढता यावा. मेचकल्याणीतला म म्हणजे पाच, च म्हणजे सहा. उलटे वाचले की पासष्ट.

गणिताचा मोह किती असतो याचे उदाहरण म्हणजे एक जुना हिशेब. आरोहात पाच, सहा किंवा सात स्वर, अवरोहातही तसेच. सा कायम ठेवून उरलेल्या सहांतून स्वर गाळत गेल्यास आरोहाचे २२ प्रकार, अवरोहाचे २२, म्हणजे एका मेलातून ४८४ राग. बहात्तर मेलांतून ३४,८४८. एवढे राग कोणी गात नाही. खुद्द व्यंकटमखींनी बहात्तरांपैकी आपल्या काळात प्रचारात असलेले मेल एकोणीसच सांगितले होते. शक्यता मोजणे आणि वस्तुस्थिती नोंदणे या दोन गोष्टींतला फरक त्यांना ठाऊक होता. तक्ता करणाऱ्यांना तो ठाऊक असावा असे दिसत नाही.

आता भूप घ्या. सा रे ग प ध, पाच स्वर. म आणि नि नाहीत, त्यामुळे हा राग कल्याण, बिलावल, खमाज या तिन्ही थाटांत बसू शकतो. भातखंड्यांनी तो कल्याणात घातला. हेच पाच स्वर घेणारा देशकार त्यांनी बिलावलमध्ये ठेवला. दक्षिणेतला मोहनम याच पाच स्वरांचा. तो हरिकांभोजी मेलात धरतात, म्हणजे उत्तरेच्या भाषेत खमाजाचे स्वर. पाच स्वर एकच, कप्पे तीन. भूपात गंधार वादी, धैवत संवादी, वेळ रात्रीचा पहिला प्रहर. देशकारात धैवत वादी, चलन सप्तकाच्या वरच्या अंगात, वेळ सकाळची. देशकार गाताना गायक गंधारावर जास्त रेंगाळला तर जाणकार श्रोता लगेच भुवई उंचावतो.

मारवा, पूरिया आणि सोहनी यांचे उदाहरण याहून बोलके आहे. तिघांचा थाट एक, स्वरही एकच: सा, कोमल रे, शुद्ध ग, तीव्र म, शुद्ध ध, शुद्ध नि, पंचम तिघांतही वर्ज्य. पण मारव्यात कोमल रिषभ आणि धैवत यांच्यावर भर, षड्जाला टाळत राहणे, आणि त्यातून येणारी सायंकाळची अस्वस्थता. पूरियात गंधार-निषाद, मंद्र सप्तकात खोल उतरणे. सोहनी वरच्या षड्जाभोवती खेळते, ती चंचल आहे. ज्याला सारेगमपेक्षा जास्त काही कळत नाही त्यालाही हे तीन राग ऐकवले तर तीन वेगळ्या गोष्टी ऐकल्यासारखे वाटेल. म्हणजे स्वरांची यादी एक असली तरी परिणाम एक नसतो.

उलट बाजूने तपासायचे तर तक्त्यातलीच जोडी पुरते. रक्तदाबासाठी तोडी आणि अहिरभैरव. तोडीत ग कोमल, म तीव्र, ध कोमल, नि शुद्ध. अहिरभैरवात ग शुद्ध, म शुद्ध, ध शुद्ध, नि कोमल. बदलत्या पाच स्वरांपैकी चार नेमके विरुद्ध. समान फक्त कोमल रिषभ. गुण स्वरांत असेल, तर दोघांचा गुण एकच कसा? आणि कोमल रिषभातच तो असेल, तर मारवा, सोहनी, भैरवी यांनीही रक्तदाब उतरला पाहिजे. तक्ता यावर काही बोलत नाही.

नावाचा घोळ तर औषधाच्या दुकानात चालणारच नाही असा आहे. कर्नाटक संगीतात तोडी म्हणतात ती आठव्या मेलाची, हनुमतोडी. तिचे स्वर उत्तरेच्या भैरवी थाटाचे आहेत. उत्तरेच्या तोडीचे स्वर तिकडे शुभपंतुवराळी या मेलात सापडतात. तिकडचा शुद्ध रिषभ म्हणजे इकडचा कोमल. पुण्याच्या रुग्णाने आणि चेन्नईच्या रुग्णाने तक्त्यात वाचून तोडी लावली तर दोघांच्या कानावर वेगळे स्वर पडतील. एका नावाच्या दोन डब्यांत दोन वेगळी औषधे निघाली तर अन्न व औषध प्रशासन डबे जप्त करते.

आणि एका परंपरेतला एक स्वर तरी ठरलेल्या उंचीचा असतो का? दरबारीतला आंदोलित कोमल गंधार एका जागी थांबतच नाही, तेच त्याचे सौंदर्य. बावीस श्रुतींचे नेमके माप काढण्याचा प्रयत्न महाराष्ट्रात कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० च्या सुमारास मोठ्या निष्ठेने केला. पुढे १९६३ मध्ये नझीर जयराजभॉय आणि त्यांच्या सहकाऱ्याने नामवंत कलाकारांच्या ध्वनिमुद्रणांवर मोजमाप केले, तेव्हा एकाच कलाकाराचा एकच स्वर एकाच मैफलीत कमी-जास्त होताना आढळला. संगीताचे यात काही बिघडत नाही. मात्रा मोजून देऊ पाहणाऱ्याचे मात्र बिघडते.

यावरून थाटपद्धती चुकीची ठरत नाही. तिच्या मर्यादा उघड आहेत. पटदीपात कोमल ग आणि शुद्ध नि. दहांत असा थाटच नाही, म्हणून तो काफीत ढकलतात. मधुवंतीला तोडीत जागा देतात, अहिरभैरवाला भैरवात. चारुकेशी, कीरवाणी दक्षिणेतून आले आणि कप्प्याबाहेरच राहिले. तरीही नवशिक्याला शंभर राग लक्षात ठेवायला दहा खुंट्या मिळाल्या, हे काम मोठेच आहे. कोणतेही वर्गीकरण कशासाठी केले, त्यावर जोखायचे असते. डॉक्टरांना हे रोज दिसते. डोळे पिवळे झाले की निदानाच्या वहीत कावीळ असा एकच शब्द लिहिता येतो. पण कारण कावीळजनक विषाणू असेल, पित्तनलिकेत अडकलेला खडा असेल, नाहीतर रक्तपेशींचा नाश असेल. पिवळेपणावर एक औषध देणारा वैद्य आणि स्वरांच्या यादीवर एक गुण चिकटवणारा तक्ता, दोघेही खुणेलाच कारण समजतात.

मग संगीताचा शरीरावर परिणाम होतच नाही का? होतो, आणि तो मोजलेलाही आहे. इटलीतल्या पाविया विद्यापीठाचे लुचियानो बर्नार्डी यांनी २००६ मध्ये ‘हार्ट’ या नियतकालिकात एक छोटा पण नेटका अभ्यास प्रसिद्ध केला. बारा संगीतकार आणि संगीत न शिकलेले बारा जण यांना सहा प्रकारचे संगीत ऐकवले. त्यात एक भारतीय रागही होता. श्वास, नाडी आणि रक्तदाब यांच्यावर सर्वाधिक प्रभाव दिसला तो लयीचा. लय वाढली की तेही वाढले. संगीताच्या शैलीला तेवढे महत्त्व दिसले नाही. आणि मध्येच घातलेल्या दोन मिनिटांच्या शांततेत हे आकडे ऐकण्यापूर्वीच्या पातळीच्याही खाली गेले. शस्त्रक्रियेपूर्वी संगीत ऐकल्याने रुग्णाची भीती कमी होण्यास मदत होते, असा कल २०१३ च्या कॉक्रन आढाव्यातही दिसतो. भीती कमी होणे ही लहान गोष्ट नव्हे. शासकीय रुग्णालयाच्या शस्त्रक्रियागृहाबाहेर स्ट्रेचरवर वाट पाहणाऱ्या माणसाला एक हेडफोन मिळाला तर त्याचा खर्च फार नाही, अपायही नाही.

पण यातून तोडीने रक्तदाब बरा होतो, हे निघत नाही. रक्तदाब मोजण्यापूर्वी रुग्णाला पाच मिनिटे शांत बसवायचे असते, कारण नुसते बसल्यानेही आकडा उतरतो. अर्धा तास डोळे मिटून राग ऐकल्यावर तो उतरला तर श्रेय रागाचे, विलंबित लयीचे, की बसण्याचे? हे ठरवायला तीन गट लागतील: एक तोडी ऐकणारा, एक त्याच लयीत दुसरा राग ऐकणारा, एक काहीच न ऐकता बसणारा. कोणी कोणत्या गटात जायचे हे चिठ्ठी टाकून ठरवायचे, आणि मोजणाऱ्याला ते कळता कामा नये. हे महिनोन्‌महिने चालवून रक्तदाब टिकाऊ उतरला का, ते पाहायचे.

तोपर्यंत ज्यांना पहाटे अहिरभैरव ऐकायचा आहे त्यांनी तो जरूर ऐकावा, गोळी घेऊन. घरी रक्तदाबाचे यंत्र असेल तर रोज ठरावीक वेळी, पाच मिनिटे बसून, पाठ टेकवून आणि हात हृदयाच्या पातळीवर ठेवून आकडे लिहून ठेवावेत. गोळीचे प्रमाण कमी करायचे की नाही, ते त्या वहीवरून पुढच्या तपासणीत ठरवता येते.