डिस्क गेली की ऑपेराही गेला

मंडळी, आज जरा भांडायचा मूड आहे. विषय आहे बरोक ऑपेरा आणि त्याच्या डिस्क. "डीव्हीडी? अजून? सगळं तर स्ट्रीमिंगवर मिळतं की!" हे वाक्य हल्ली ऑफिसात, घरी आणि खुद्द पाश्चात्त्य संगीत ऐकणाऱ्या मित्रांकडूनही इतक्या वेळा ऐकायला मिळतं की म्हटलं एकदाच काय ते सविस्तर उत्तर लिहून टाकू.

ज्यांचा या प्रकाराशी कधी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी: ऑपेरा म्हणजे गाऊन सादर केलेलं नाटक, आणि बरोक म्हणजे ढोबळमानाने १६०० ते १७५० हा काळ. सुरुवातीला मोन्तेवेर्दी (त्याचा 'ऑर्फेओ' १६०७ चा), मध्ये फ्रान्सच्या दरबारातला लुली, शेवटाकडे हॅन्डेल आणि रामो. मोत्झार्ट, व्हेर्दी, पुच्चिनी ही आपण ऐकलेली नावं सगळी नंतरची.

आता माझा मुद्दा. पुच्चिनीच्या ऑपेराचा व्हिडिओ ही एका प्रयोगाची नोंद असते. बरोक ऑपेराचा व्हिडिओ हा त्या कलाकृतीचाच अर्धा भाग असतो. त्यामुळे अशी एखादी डिस्क बाजारातून नाहीशी होते तेव्हा नुसतं एक प्रॉडक्ट बंद होत नाही, एक हस्तलिखित जळतं. अतिशयोक्ती वाटते? थांबा, पटवतो.

पुच्चिनीने कुठलं वाद्य कधी, किती जोरात वाजवायचं ते सगळं लिहून ठेवलंय. उद्या त्याच्या ऑपेरांचे सगळे व्हिडिओ नष्ट झाले तरी कागदावरून ऑपेरा पुन्हा उभा राहील. मोन्तेवेर्दीचा 'पोप्पेआ' घ्या. पहिला प्रयोग व्हेनिसमध्ये, १६४३ साली. आज त्याच्या संगीताची दोन हस्तलिखितं आहेत, एक व्हेनिसमध्ये आणि एक नेपल्समध्ये, आणि ती एकमेकांशी पूर्ण जुळत नाहीत. बऱ्याच भागात लिहिलेलं काय, तर गायकाची ओळ आणि खाली बासची एक ओळ. बस्स. कुठली वाद्यं, किती, मधली सुरावट कोणती, याचा पत्ता नाही. शेवटचं सुप्रसिद्ध द्वंद्वगीत तर मोन्तेवेर्दीचं नसावंच असं अनेक अभ्यासकांचं मत आहे.

आपल्या भाषेत सांगायचं तर हाती फक्त हेडर फाईल आहे. फंक्शनची नावं आहेत, आतला कोड नाही. तो प्रत्येक संचाने नव्याने लिहायचा.

आणि तो किती वेगवेगळा लिहिला जातो ते पाहा. याच ऑपेरातला सम्राट नीरो. मूळ भूमिका कास्त्रातोसाठी, म्हणजे लहानपणीच शस्त्रक्रिया करून ज्याचा आवाज फुटू दिला नाही अशा पुरुष गायकासाठी लिहिलेली. असे गायक आज नाहीत, मग नीरो कोणी गायचा? हार्नोनकूर आणि पोनेल या जोडीने झुरिकच्या प्रयोगावरून १९७० च्या दशकाच्या अखेरीस केलेल्या फिल्ममध्ये नीरो आहे एरिक टापी, म्हणजे चक्क टेनर, नेहमीचा पुरुषी आवाज. २००८ च्या ग्लाइंडबोर्नच्या प्रयोगात अ‍ॅलिस कूट ही स्त्री नीरो आहे. २०१० च्या माद्रिदच्या प्रयोगात फिलिप जारूस्की, उंच पट्टीत गाणारा काउंटरटेनर. टापीचा नीरो सत्तेने माजलेला पुरुष वाटतो, जारूस्कीचा लाडावलेला धोकादायक पोरगा. कूटच्या आणि पोप्पेआच्या आवाजांची पट्टी इतकी जवळची की प्रेमगीतात कोण कुठे संपतं तेच कळत नाही. वाद्यवृंद वेगळा, कापलेले प्रवेश वेगळे. यातला 'खरा' पोप्पेआ कोणता? तिन्ही. आणि एकही नाही. यातली एक डिस्क हरवली तर तिचा भरणा करायला कागद पुरेसा नाही.

"पण हॅन्डेलने तर सगळं नीट लिहून ठेवलंय," असं म्हणणारा एखादा निघेलच. ठेवलंय, पण कोणासाठी? १७२४ साली लंडनमध्ये 'ज्युलिओ चेझारे' झाला. त्यात सेस्तो या तरुण मुलाची भूमिका हॅन्डेलने एका गायिकेसाठी लिहिली होती, आणि पुढच्याच वर्षी हाताशी चांगला टेनर आहे म्हणून त्याच्यासाठी फिरवून लिहिली. हॅन्डेलला स्वतःला 'फायनल व्हर्जन' नावाची भानगड माहीत नव्हती.

शिवाय हॅन्डेलच्या गाण्यांचा बहुतेक ठिकाणी ठरलेला साचा असतो. पहिला भाग, मग दुसरा वेगळ्या भावाचा छोटा भाग, मग परत पहिला. याला 'दा कापो' म्हणतात, म्हणजे 'पहिल्यापासून'. ही परतफेरी कागदावर बहुधा वेगळी लिहिलेलीच नसते, आणि गंमत तर तिथेच असते. त्याच ओळी गायक स्वतःच्या ताना, हरकती, विराम घालून गातो. ख्याल ऐकणाऱ्या माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. बंदिशीच्या चार ओळी छापल्या म्हणून कोणी 'आता मैफलीचं रेकॉर्डिंग कशाला जपायचं?' असं म्हणत नाही. दोन्ही पद्धतींत फरक भरपूर आहेत, पण लिहिलेलं म्हणजे गायलेलं नव्हे हे तत्त्व एकच.

आता दुसऱ्या बाजूचे लोक. हे स्ट्रीमिंगवाल्यांपेक्षा जास्त शिष्ट. "बरोक ऑपेरा डोळे मिटून ऐकायचा असतो. रंगमंचावरचा तमाशा कशाला? सीडी पुरे." यांना मी नम्रपणे विचारतो, बाबांनो, १७ व्या शतकातले लोक काय डोळे मिटून बसायचे? ढग खाली उतरवणारी, समुद्राच्या लाटा फिरवणारी, देवाला हवेतून आणणारी यंत्रं ही त्या ऑपेराची निम्मी करामत होती. स्वीडनमधल्या ड्रॉटनिंगहोमला १७६६ चं नाट्यगृह त्याच्या लाकडी यंत्रांसकट आजही उभं आहे. तिकडे जायला मिळेल तेव्हा मिळेल, पण हे सगळं डोळे मिटून ऐकण्यासाठी बांधलं नव्हतं एवढं नक्की.

स्तेफानो लांदीचा 'सांत'अलेस्सिओ' (१६३२) क्रिस्टीच्या 'ले झार फ्लोरिसाँ' या संचाने २००७ साली केला. दिग्दर्शक बेंजामिन लाझार. प्रकाश मेणबत्त्यांचा. गायक सतत समोर तोंड करून का उभे राहतात, हातांच्या हालचाली इतक्या मोठ्या आणि सावकाश का, चेहरे इतके रंगवलेले का, हे सीडी शंभर वेळा ऐकूनही कळणार नाही. व्हिडिओत पाच मिनिटांत कळतं: त्या उजेडात दुसरं काही दिसतच नाही!

आणि हा सगळा प्रकार म्हणजे नुसतं संग्रहालय आहे असंही नाही. २००५ साली ग्लाइंडबोर्नला डेव्हिड मॅकव्हिकरने 'ज्युलिओ चेझारे' ब्रिटिश साम्राज्याच्या काळात नेऊन बसवला आणि क्लिओपात्राला सरळ बॉलिवूड छापाचे ठुमके दिले. क्लिओपात्रा होती डॅनिएल डि नीस, ऑस्ट्रेलियात जन्मलेली, श्रीलंकेतून आलेल्या घरातली. सीझर होती सारा कॉनोली, लष्करी गणवेशात. शुद्धतावाद्यांनी नाकं मुरडावीत असाच हा ऐवज. पण पहिल्या फेरीत साधा वाटणारा अंगविक्षेप परतफेरीत, तानेबरोबर, वेगळा अर्थ घेऊन येतो ते पाहा. दा कापो म्हणजे काय हे मला पुस्तकातून कळलं नव्हतं, या डिस्कमधून कळलं.

आता मूळ भांडणाकडे. डिस्क नसेल तर काय होतं? याचं उत्तर आपल्यासमोर घडून गेलेलं आहे.

लुलीचा 'आतिस' हा १६७६ चा ऑपेरा. चौदाव्या लुईला इतका आवडायचा की त्याला 'राजाचा ऑपेरा' हेच नाव पडलं. १९८७ साली पॅरिसमध्ये क्रिस्टी आणि दिग्दर्शक व्हिलेजिए यांनी तो उभा केला आणि फ्रेंच बरोक ऑपेराकडे बघायची लोकांची दृष्टीच बदलली. ज्यांनी पाहिला ते आयुष्यभर त्याबद्दल बोलत राहिले. आणि ज्यांनी नाही पाहिला? त्यांना ध्वनिमुद्रण मिळालं, विकत घेता येईल असा व्हिडिओ नाही. पुढची दोन तपं हा प्रयोग म्हणजे 'तुम्ही पाहायला हवा होता' एवढंच राहिलं. शेवटी रोनाल्ड स्टँटन नावाच्या अमेरिकन उद्योजकाने, ज्याने तो पूर्वी पाहिला होता आणि ज्याला तो मरायच्या आधी पुन्हा बघायचा होता, स्वतःच्या खिशातून पैसे दिले. २०११ साली तोच प्रयोग नव्या गायकांसह पुन्हा उभा राहिला आणि या वेळी चित्रित होऊन डिस्कवर आला. आज आपण 'आतिस' पाहू शकतो तो एका श्रीमंत माणसाच्या हट्टामुळे. बॅकअपचं धोरण म्हणून कुठल्याही प्रोजेक्ट मॅनेजरने हे पास केलं असतं का?

आणि गायक कायमचे नसतात. हॅन्डेलचा 'थिओडोरा' (१७५०) त्याच्या हयातीत सपशेल पडला. तो खरं तर ऑपेरा नाही, ऑरेटोरिओ; अभिनयाविना गायचा. १९९६ साली पीटर सेलर्सने तो ग्लाइंडबोर्नला आजच्या अमेरिकेत आणून रंगमंचावर बसवला. शेवटी दोघा नायक-नायिकेला विषाचं इंजेक्शन देऊन मृत्युदंड. आयरीनच्या भूमिकेत लॉरेन हंट, नंतरची लॉरेन हंट लिबरसन. ती जवळजवळ काही करत नाही. उभी राहते, हात उचलते, गाते. बघताना घरात कोणी बोलू नये असं वाटतं. २००६ साली ती गेली. त्या संध्याकाळी ती कशी उभी होती हे कागदावर कुठेच लिहिलेलं नाही. ते फक्त त्या चित्रणात आहे.

"मग स्ट्रीमिंगवर ठेवा ना!" ठेवा की, माझी ना नाही. ऑपेराव्हिजनवर २०१७ पासून युरोपभरचे प्रयोग फुकट दिसतात, छान उपक्रम आहे. पण बहुतेक प्रयोग ठरावीक मुदतीपुरतेच. पैसे भरून घेतलेल्या एका सेवेवर मी 'नंतर पाहू' म्हणून ठेवलेला एक प्रयोग महिन्याभराने गायब झाला होता. विचारणा केली तर "हक्कांची मुदत संपली" असं एका ओळीचं उत्तर. चूक कोणाचीच नाही, करारच तसा. मुद्दा तोच आहे! गायक, वाद्यवृंद, नाट्यगृह, टीव्ही वाहिनी, सगळ्यांचे हक्क वेगवेगळे, आणि त्यातला एक दोरा तुटला की प्रयोग बंद. कंपन्याही टिकत नाहीत. 'सांत'अलेस्सिओ' आणि माद्रिदचा 'पोप्पेआ' ज्या व्हर्जिन क्लासिक्सने काढले ते नावच २०१३ च्या खरेदी-विक्रीनंतर पुसलं गेलं आणि कॅटलॉग एरातोत विलीन झाला. अशा विलीनीकरणात कमी खपाच्या व्हिडिओंचं काय होतं हे आयटीतल्या माणसाला सांगायला नको. आपण स्वतः किती लेगसी सिस्टिम्स 'डीकमिशन' केल्यात?

विरोधी बाजूचे दोन मुद्दे मात्र खरे आहेत. एक, कॅमेरा तटस्थ नसतो. व्हिडिओ दिग्दर्शक ऐन तानेच्या वेळी गायकाच्या घशात कॅमेरा घालतो आणि मागे काय चाललंय ते आपल्याला कधीच कळत नाही. मान्य. पण अपुरी नोंद आणि शून्य नोंद यांत मी अपुरी नोंद निवडेन. दोन, डिस्क महाग, मागवायची तर बाहेरून, आणि नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नसतो. डिस्कही काही अमर नाही, खराब होते. हेही मान्य. मला त्या चकतीबद्दल मोह नाही. मला हवी आहे ती कोणाची परवानगी न मागता पुन्हा पाहता येणारी प्रत. विकत घेऊन कायमची ठेवता येणारी फाईल दिलीत तर डिस्क उद्या विसरतो.

आणि हे अशक्य नाही. जुन्या चित्रपटांसाठी वॉर्नरने २००९ पासून मागणी आली की डिस्क छापून द्यायला सुरुवात केली, गोदामात हजार प्रती पडून राहायची भानगड नाही. ऑपेरासाठी हे का नको? जोडीला एक पान माहिती द्या: कुठलं हस्तलिखित वापरलं, काय कापलं, वाद्यं कोणती, रिकाम्या जागा कोणी भरल्या. आपण दोनशे ओळींच्या स्क्रिप्टला रीडमी लिहितो. चारशे वर्षांच्या कलाकृतीला एक पान जड आहे?

तोवर आपल्या हातात काय आहे? महिन्याला जेवढे पैसे आपण न पाहिल्या जाणाऱ्या सबस्क्रिप्शनवर घालवतो, त्यात दोन-तीन महिन्यांतून एक डिस्क येते. एक घ्या. 'ज्युलिओ चेझारे'पासून सुरुवात करा, ठुमक्यांमुळे परकं वाटणार नाही. सबटायटल्स लावा, एका वीकेंडला एकच अंक पाहा, घाई नाही. पाहून झाल्यावर मित्राला द्या आणि परत मागून घ्या.

परत मागायला मात्र विसरू नका. दुकानात ती पुन्हा मिळेलच याची खात्री कोणी देत नाही.