ग्लासगोचा हिवाळी उत्सव आणि त्याचे हिशेबनीस

जानेवारीच्या आरंभीं ग्लासगो शहरांत सूर्य उगवतो तो पावणेनऊच्या सुमारास, आणि चार वाजतात न वाजतात तोंच मावळतो. मधल्या सात तासांतही पुष्कळदां पावसाचेंच राज्य असतें. नाताळ व नववर्ष यांनीं लोकांच्या थैल्या हलक्या केलेल्या असतात. ग्लासगोस युरोपची सांस्कृतिक राजधानी हा मान १९९० सालीं मिळाला. त्याच वर्षीं उघडलेला तेथील रॉयल कॉन्सर्ट हॉल या महिन्यांत ओस पडे. ती पोकळी भरून काढण्यासाठीं १९९४ सालीं 'सेल्टिक कनेक्शन्स' हा संगीतोत्सव सुरू झाला. एका इमारतींत जन्मलेल्या या उत्सवानें पुढें शहरभर हातपाय पसरले. स्कॉटिश लोकगीतांपासून दूरदेशच्या पाहुण्यांच्या वादनापर्यंत सुमारें ३०० कार्यक्रम आतां त्यांत होतात.

या उत्सवाच्या शत्रूंशीं आमचें आज भांडण नाहीं. 'इस्पितळांस पैसा अपुरा असतां गाण्याबजावण्यास कशाला?' असें विचारणारा मनुष्य निदान आपल्या मनांतलें बोलतो. आमचें भांडण आहे तें उत्सवाच्या मित्रांशीं. अंदाजपत्रकावर कात्री चालूं लागली कीं हे मित्र वही उघडून पुढें सरसावतात. किती पाहुणे आले, हॉटेलांच्या किती खोल्या भरल्या, दुकानदारांच्या गल्ल्यांत किती पौंड पडले, याचे आंकडे वाचून दाखवितात आणि विजयी मुद्रेनें म्हणतात, 'पाहा, कला ही चैन नव्हे, किफायतीचा धंदा आहे!' आमच्या मतें शत्रूच्या दहा शिव्यांपेक्षां मित्रांचें हें एक समर्थन अधिक घातक आहे. हॉटेलांच्या खोल्यांवर ज्याची किंमत ठरली, त्यास अधिक खोल्या भरणारा एखादा बाजार उद्यां निघाल्यास जागा सोडावी लागेल. वकिलानें स्वतः मान्य केलेल्या कायद्यानेंच अशिलास शिक्षा झाली, तर न्यायाधीशास दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांचे आंकडे खोटे आहेत असें आमचें म्हणणें नाहीं. ते उत्सवाचें फळ मोजतात, मूळ मोजीत नाहींत.

मूळ म्हणजे काय, तें एका उदाहरणानें सांगतों. २०१५ सालच्या उत्सवाचा आरंभ मार्टिन बेनेट याच्या 'ग्रिट' या कृतीनें झाला. शीला स्टुअर्ट, लिझी हिगिन्स यांसारख्या भटक्या समाजांत जन्मलेल्या गायिकांचे ध्वनिमुद्रित आवाज घेऊन बेनेटनें त्यांस आधुनिक यांत्रिक तालाची साथ दिली, आणि २००३ सालीं ही कृति प्रसिद्ध केली. त्या वेळीं तो गंभीर आजारी होता. २००५ सालीं, अवघा ३३ वर्षांचा असतां, तो वारला. पुढें ग्रेग लॉसन यानें तेंच संगीत मोठ्या वाद्यवृंदासाठीं लिहून काढलें. ज्या लोकांस शहाण्यासुरत्या जगानें वेशीबाहेर ठेविलें, त्यांचीं गाणीं अशा रीतीनें उत्सवाच्या अग्रस्थानीं घुमलीं. आतां या सांखळीचा एकेक दुवा पाहावा. निरक्षर आजींनीं गाणीं मुखोद्गत ठेविलीं आणि लेकीनातींच्या गळ्यांत उतरविलीं. १९५१ सालीं एडिंबरो विद्यापीठांत स्कॉटिश अभ्यासाची जी संस्था स्थापन झाली, तिच्या संग्राहकांनीं खेडोपाडीं हिंडून असलीं गाणीं टिपलीं. एका तरुणानें आपलें उरलेलें आयुष्य त्यांवर खर्चिलें. यांतील एकाही दुव्यास त्याच्या काळीं हॉटेलची एक खोली भरतां आली नसती.

१९९० च्या सोहळ्याच्या वेळीं जेम्स केल्मन प्रभृति लेखकांनीं 'वर्कर्स सिटी' या नांवाखालीं कडक आक्षेप घेतला होता. कामगारांच्या शहराचें दैन्य झांकण्यासाठीं पाहुण्यांपुढें मांडलेला हा देखावा आहे, असा त्याचा मथितार्थ. हिशेबनीस मित्रांजवळ याचें उत्तर नाहीं. उलट त्यांची वही हाच आक्षेपकांचा पुरावा होय. उत्तर आहे तें निराळ्याच ठिकाणीं. या उत्सवांत शाळकरी मुलांसाठीं सकाळच्या मैफली होतात. पेझ्लीचा गायक डॅनी काइल याच्या नांवें चालणाऱ्या खुल्या मंचावर होतकरू गायकवादकांस विनामूल्य ऐकतां येतें, आणि त्यांतील निवडकांस पुढील वर्षीं उत्सवांत गाण्याचा मान मिळतो. येथें शहर पाहुण्यांस गाणें विकीत नाहीं. तें आपल्या मुलांच्या हवालीं करतें.

मुळाकडे दुर्लक्ष कसें होतें, हें ऑगस्ट २०२४ मध्यें दिसून आलें. सरकारकडून ६६ लक्ष पौंडांची हमी न मिळाल्यामुळें 'क्रिएटिव्ह स्कॉटलंड' या संस्थेनें एकेकट्या कलावंतांस साहाय्य देणारा निधि नव्या अर्जांस बंद करण्याचें जाहीर केलें. कलावंतांनीं एकच गिल्ला केला, तेव्हां पुढील महिन्यांत सरकारनें रक्कम मंजूर केली. वाद मिटला खरा. परंतु कात्री प्रथम कोठें लागली, याचा विसर पडूं नये. एकेकटा कलावंत खोल्या भरीत नाहीं, म्हणून वहींत त्याच्या नांवाचें पानच नसतें.

सातासमुद्रांपलीकडील या वादाशीं आपणांस काय करावयाचें, असें कोणी विचारील. जेथें जेथें कलेस लोकांच्या पैशाचा आधार घ्यावा लागतो, तेथें तेथें हीच वही उघडली जाते, इतकेंच आमचें उत्तर आहे. उत्सवाच्या मित्रांनीं पाहुण्यांची गणती खुशाल करावी. पण वहीच्या पहिल्या पानावर हें लिहावें कीं, यंदा किती नवे गळे गाऊं लागले, किती जुनीं गाणीं तरुण ओठांवर आलीं, आणि किती मुलांनीं फिडल प्रथमच हातांत घेतलें. त्या पानावर शून्य पडलें, तर बाकीची वही कितीही भरलेली असो, उत्सव बुडाला असें समजावें. आणि कात्री चालवावयाचीच झाली, तर ती त्या पानावर सर्वांच्या शेवटीं चालावी.