बंदुकीला कढत पाण्याची आंघोळ

मुलांनो, खंडेनवमीला तुमच्याकडे पूजेला काय काय मांडतात? आमच्या बेडशात कोयते, विळे, कुऱ्हाडी, फाळ... हल्ली ट्रॅक्टरलासुद्धा हार पडतो! पूजेआधी सगळी अवजारे घासूनपुसून त्यांना तेलाचा हात द्यायचा. ओला कोयता तसाच टाकला की आजोबांनी आवाज चढवलाच म्हणून समजा. मावळातला पाऊस काय विचारता! एका रात्रीत कोयत्यावर तांबूस गंज उमटतो.

आता एक कोडे घालते. शिवकाळातली तोड्याची बंदूक किंवा आजोबा-पणजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक गंजू नये म्हणून बार काढल्यावर तिला आधी काय लावत असतील? तेल? चूक! आधी पाणी. तेही कढत!

लोखंडाचा वैरी पाणी, मग हे कसे? त्याचे उत्तर त्या काळच्या काळ्या दारूत आहे. (बंदुकीची दारू बरं का, पिण्याची नव्हे!) ती सोरा, गंधक आणि कोळसा यांची असे. जळल्यावर तिचा सगळाच्या सगळा धूर होऊन उडून जात नाही. वजनाने निम्म्याहून अधिक भाग बारीक कणांच्या रूपात घनच राहतो. काही कण धुराबरोबर बाहेर पडतात, उरलेले नळीत चिकटतात. या काळ्या कीटात पोटॅशिअमचे क्षार असतात. पावसाळ्यात बरणीतल्या मिठाला पाणी सुटते ना, तसेच हे क्षारही हवेतला ओलावा ओढून घेतात. मग तो ओलावा आणि क्षार मिळून लोखंड खाऊ लागतात. वरून तेल लावले तरी क्षार तेलात विरघळत नाहीत, तेलाखाली गंज चालूच राहतो. पाण्यात मात्र ते झटकन विरघळतात.

म्हणून बंदूक रिकामी असल्याची खात्री करून नळीत कढत पाणी ओतायचे. गजाला चिंधी गुंडाळून ती वरखाली फिरवायची. पहिले पाणी शाईसारखे काळे निघते. चिंधी पांढरी बाहेर येईपर्यंत धूत राहायचे. पाणी कढतच का, तर नळी तापते आणि आतला ओलावा आपोआप वाळतो. मग कोरडी चिंधी, आणि तेल सगळ्यात शेवटी.

रिव्हॉल्व्हर आली तेव्हा हे काम आणखी किचकट झाले. सॅम्युएल कोल्टने १८३६ मध्ये अमेरिकेत तिचे पेटंट घेतले, तेव्हाही दारू हीच काळी होती. रिव्हॉल्व्हरमध्ये पाच-सहा बार भरलेले एक चाक प्रत्येक वेळी थोडे थोडे फिरते. चाकाच्या आसाजवळ कीट साचले की ते अडकलेच! म्हणून ती सुटी करून, लाकडी मूठ बाजूला ठेवून, एकेक भाग धुवावा लागे. पुढे १८८४ मध्ये फ्रान्समध्ये बिनधुराची दारू निघाली आणि एवढे कीट साचणे बंद झाले.

१८५७ च्या काडतुसांची चरबी तुम्ही इतिहासात वाचली आहे. ती लावायची कशाला, असा प्रश्न मात्र माझ्या वर्गात फारसा कुणी विचारत नाही! कीटाने भरलेल्या नळीत गोळी सहज उतरावी म्हणून.

घरी करून बघा. तीन खिळे घ्या. दोन खिळे मिठाच्या पाण्यात बुडवून वाळवा. त्यांतला एक गरम पाण्याने धुऊन कोरडा करा (पाणी मोठ्यांनीच ओतायचे हं). मग तिन्हींना तेल लावून मोरीजवळ ठेवा आणि रोज बघून वहीत टिपा. कोणता आधी तांबडा होतो ते मी सांगणार नाही.

पालकांसाठीही दोन शब्द. घरच्या माळ्यावर जुनी ठासणी सापडली तर ती मुलांच्या हाती देऊ नका, स्वतःही साफ करायला बसू नका. काळी दारू कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही पेट घेऊ शकते. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या अठराव्या शतकातल्या एका तोफेचा गंज काढताना कामगारांना आत गोळा आणि पाऊण किलोच्या आसपास दारू सापडली. ती दारू चांगली होती! परवान्याशिवाय बंदूक बाळगता येत नाही, तेव्हा सरळ पोलिसांना कळवा.

आणि किल्ल्यांवरच्या तोफा? त्या धुवायच्या नाहीत, घासायच्याही नाहीत. आमच्या जवळच्या विसापूरवर एक लांब लोखंडी तोफ आहे. तिच्यावर गुलाब, मुकुट आणि दोन इंग्रजी अक्षरे आहेत, ई आणि आर. ती पहिल्या एलिझाबेथ राणीच्या काळातल्या इंग्रज जहाजावरची असावी, असा तर्क जुन्या पुणे गॅझेटियरमध्ये केला आहे. गाड्यावर टेकण्यासाठी तिला दोन्ही बाजूंना असलेले दांडे तोडून तिला निकामी केले आहे. इंग्रजांनी विसापूर घेतला तो ४ मार्च १८१८ रोजी.

इतके पावसाळे सोसूनही ती खूण लोखंडावर टिकली आहे. पॉलिश कागदाने वरचा गंज खरवडला, तर गंजाबरोबर गुलाबही जाईल. हे काम पुरातत्त्व खात्यातल्या जाणकारांचे. तुम्ही विसापूरला गेलात तर ती खूण शोधा, बोटांनी हलकेच चाचपा आणि तिचे चित्र वहीत काढून आणा.