नव्या चेंडूचा धनी

दिवाळीच्या सुट्टीत प्राध्यापकाच्या घरी विद्यार्थी आला, की समजावे, एक तर टिपणे हवी आहेत, नाहीतर शिफारसपत्र. परवा आमच्या कागलच्या घरी प्रथम वर्षाचा एक मुलगा आला, तो मात्र हातातला चेंडू टेबलावर ठेवून मुकाट बसला. चकल्यांनाही हात लावीना! हा आमच्या कॉलेजचा जलद गोलंदाज.

“सर, मी आता टाकणार न्हाई,” तो अखेर म्हणाला. “आपल्या पिचवर चेंडू गुडघ्याच्या वर उठत न्हाई. मी नुसता नवा चेंडू जुना करून द्यायचा, आणि विकेटी फिरकीवाल्यांच्या!”

साहित्याच्या मास्तराने यावर काय बोलावे? पण म्हटले, “अरे, हे गाऱ्हाणे करायचा पहिला मान आपल्या कोल्हापूरचाच. दत्तू फडकर ऐकलेत?”

ऐकले नव्हते. मग मला चेव चढला.

फडकर 1925 साली कोल्हापुरात जन्मले. 1947 च्या डिसेंबरात सिडनीला पहिली कसोटी खेळले. फलंदाजीत 51 धावा काढल्या आणि केवळ 14 धावांत 3 गडी टिपले. ब्रॅडमनचा तो बलाढ्य संघ 107 धावांत गारद झाला! पुढच्याच महिन्यात ॲडलेडला त्यांनी 123 धावांची खेळी केली. पण मायदेशी परतल्यावर पाटा खेळपट्ट्या आणि फिरकीचे राज्य. 1949 साली मद्रासला वेस्ट इंडीजने 582 धावा कुटल्या, त्यांतले 7 बळी एकट्या फडकरांचे, 159 धावांच्या मोलाने. आपण हरलो ते डावाने. 1952 साली मद्रासलाच भारताने पहिला कसोटी विजय मिळवला. विनू मंकडांचे 12 बळी सगळ्यांना पाठ. फडकरांच्या 61 धावा कोण आठवतो?

“आणि त्याच साली लीड्सला,” मी म्हणालो, “आपल्या दुसऱ्या डावात धावफलकावर आकडा लागला शून्य, आणि गडी बाद चार! ट्रूमन नावाचा नवा जलद गोलंदाज आग ओकत होता. पुढे कर्णधार हजारे आणि फडकर यांनी 105 धावांची भागी केली. फडकरांच्या 64. वेगाचे दुःख वेगवाल्यालाच ठाऊक!”

“सामना कोण जिंकलं?”

“इंग्लंड. सात गडी राखून.”

तो खट्टू झाला. खोटे सांगणे मला जमले नाही. 31 कसोट्यांत 62 बळी आणि 1229 धावा, असा फडकरांचा हिशेब. त्यात विजय थोडे, घाम फार.

थोड्या वेळाने त्याने विचारले, “हरल्यावर पुढच्या मॅचला घेतलं त्यांना?”

“घेतले की. लॉर्ड्सला.”

त्याने एक चकली उचलली. दुसऱ्या हाताने चेंडू घेतला आणि बोलता बोलता तो विजारीवर घासू लागला. विजारीवर तांबडा पट्टा उमटला, तशी आमची सौ. आतून म्हणाली, “अहो, त्याला सांगा, दिवाळीची नवी विजार आहे ती!”

मी काही सांगितले नाही.