चेहऱ्याची आग आणि बांधावरचे गाजरगवत



पावसाळा सुरू झाला की उदगीरच्या मोंढ्यात किंवा एस. टी. स्टँडवर पन्नाशीच्या आसपासचा एखादा शेतकरी उपरण्याने अर्धे तोंड झाकून बसलेला दिसतो. चेहरा लालबुंद, कपाळावर आणि भुवयांत कोंड्यासारखे पापुद्रे, पापण्या सुजलेल्या, मान काळवंडून कातडी जाड झालेली. विचारले तर कोणी म्हणतो उष्णता झाली, कोणी म्हणतो रक्त बिघडले, कोणी करणीवर जातो. घरात त्याचे ताट-तांब्या वेगळे होते. पोरीची सोयरीक आली की पाहुण्यांपुढे बाप बसत नाही. दुखणे कातडीचे, पण माणूस आतून खचतो.

मी डॉक्टर नाही, शेतीचा माणूस आहे. तरीही या दुखण्यावर लिहितो, कारण त्याचे मूळ पुष्कळदा शेताच्या बांधावरच असते. त्याचे नाव गाजरगवत. कोणी त्याला काँग्रेस गवत म्हणतात, कोणी चटकचांदणी.

हे गवत आले कोठून?

ते मूळचे अमेरिका खंडातले. आपल्याकडे पुण्यात १९५५ साली पडीक जागेत ते आढळल्याची नोंद आहे. परदेशातून आलेल्या गव्हाबरोबर त्याचे बी आले, असे मानले जाते. पुढे रस्त्याच्या कडेने, रेल्वेच्या रुळांनी, नाल्यांच्या पाण्याने आणि शेणखतातून ते देशभर पसरले. एका झाडाला हजारो बारीक बिया येतात. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात ते फुलावर येते. जमिनीत ओल असली की त्याला हंगाम लागत नाही.

त्याच्या पानाफुलांवरच्या बारीक लवेत पार्थेनिन नावाचे द्रव्य असते. ती लव वाऱ्यावर उडते आणि उघड्या कातडीवर बसते. हे द्रव्य सगळ्यांनाच बाधत नाही. वर्षानुवर्षे संपर्क येता येता एखाद्याच्या शरीराला त्याचे वावडे निर्माण होते. एकदा वावडे झाले की मग चिमूटभर धूळही पुरते. म्हणूनच, "इतकी वर्षे हेच गवत उपटतो, तेव्हा काही झाले नाही," हे म्हणणे खरे असले तरी त्याने निदान चुकते. पुण्याचे डॉ. लोणकर आणि त्यांच्या परदेशी सहकाऱ्यांनी १९७४ साली या विकारावर शास्त्रीय लेख प्रसिद्ध केला.

ओळखायचे कसे?

हा त्रास वरच्या पापण्या, कपाळ, मान, कानामागची जागा, हनुवटीखालची जागा, छातीचा उघडा भाग आणि कोपरांच्या व गुडघ्यांच्या घड्या येथे दिसतो. केवळ उन्हाने होणारा विकार हनुवटीखाली आणि कानामागे सहसा जात नाही, कारण तिथे सावली असते. वाऱ्यावरची धूळ मात्र सगळीकडे शिरते. सुरुवातीला पावसाळ्यात त्रास वाढतो आणि पुढे कमी होतो. काही वर्षांनी तो बारमाही होतो, ऊनही सोसेनासे होते आणि कातडी चामड्यासारखी राठ होते.

लाल, पापुद्रे सुटणारा प्रत्येक चेहरा गाजरगवताचा नसतो, हेही ध्यानात ठेवा. डोक्यात कोंडा आणि तोच भुवयांत व नाकाच्या दोन्ही बाजूंना उतरलेला असेल तर तो तेलकट कोंड्याचा विकार असू शकतो. तोही संसर्गजन्य नाही. औषधी शाम्पूने आटोक्यात राहतो, पण अधूनमधून परत येतो. बायाबापड्यांना टिकलीच्या डिंकाने किंवा कुंकवाने, पुरुषांना केसांच्या कलपाने असा त्रास होतो. चट्ट्याला बधिरता असेल तर आधी कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. त्याचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत असून तो पूर्ण बरा होतो. चट्ट्यांबरोबर ताप आणि सांधेदुखी असेल तर मुळीच थांबू नका.

आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी

आपली रीत अशी की तोंडाची आग झाली की मेडिकल दुकानातून एक ट्यूब आणायची. दोन दिवसांत चेहरा साफ होतो आणि ट्यूब संपली की दुप्पट जोमाने उलटतो. मग दुसरी ट्यूब, मग तिसरी. अशा बऱ्याच मलमांत तीव्र स्टेरॉईड असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरावीक दिवस, ठरावीक जागी लावले तर ते उपयोगाचे औषध आहे. चेहऱ्यावर महिनोन्‌महिने मनाने फासले तर कातडी पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, मुरमे येतात, नको तिथे केस उगवतात आणि मलम सोडणे मुश्कील होते. अशी मलमे चिठ्ठीशिवाय विकू नयेत म्हणून केंद्र सरकारने २०१८ साली नियम कडक केले आहेत. शेजाऱ्याची उरलेली ट्यूब तर लावूच नका. लिंबू, चुना, बिब्बा यांचे प्रयोगही नकोत.

लातूरच्या किंवा नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभाग आहे, तिथे दाखवा. वावडे नेमके कशाचे, हे पाहण्यासाठी पाठीवर औषधी पट्ट्या लावून दोन दिवसांनी काढतात आणि त्या जागा तपासतात. दुखणे जुने व जास्त असेल तर डॉक्टर पोटातून गोळ्या देतात. त्या चालू असताना वेळोवेळी रक्त तपासावे लागते. बरे वाटले म्हणून तपासणी चुकवू नये आणि गोळ्या मनाने बंदही करू नयेत.

घरी काय करावे?

एक, ज्याला वावडे आहे त्याने गाजरगवताला हात लावू नये. ते काम घरातल्या दुसऱ्याने करावे. दोन, शेतात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा घालावा, तोंडाला स्वच्छ उपरणे बांधावे. तेच उपरणे न धुता रोज बांधू नये, त्यातच धूळ साठते. तीन, शेतातून आल्यावर आधी हातपाय-तोंड धुवावे, कपडे बदलावे. सौम्य साबण वापरावा आणि घासू नये. कातडी ओलसर असतानाच साधे व्हॅसलीन हलक्या हाताने लावावे. चार, धुतलेले कपडे गवताच्या कुंपणावर वाळत टाकू नयेत. पाच, सूर्यफूल आणि शेवंती ही याच कुळातली झाडे आहेत. काहींना त्यांचाही त्रास होतो, म्हणून राशीच्या वेळी लक्ष ठेवावे.

आणि घरच्यांसाठी एक: हा विकार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. ताट वेगळे करू नका.

बांधावर काय करावे?

गवत फुलावर येण्याआधी, पावसाने जमीन ओली असताना, हातमोजे घालून किंवा हाताला प्लास्टिकची पिशवी बांधून मुळासकट उपटा. फुलाआधीचे गवत खड्ड्यात घालून कंपोस्ट होते. फुलावर आलेले खतात घालू नका, नाहीतर शेणखतातून तेच बी पुन्हा शेतात जाते. वाळवून ढीग लावू नका, वाळल्यानेही त्याचा उपद्रव संपत नाही. जनावरांच्या वैरणीत ते येऊ देऊ नका, दूध कडवट होते आणि जनावराच्या कातडीलाही त्रास होतो. आपल्या देवणी गाईंचा मान राखायचा तर गव्हाणीकडे नजर हवी.

निसर्गातही त्याचे वैरी आहेत. पावसाळ्यापूर्वी पडीक जागेत तरोट्याचे बी फेकले की तरोटा दाट होतो आणि गाजरगवत दबते. मेक्सिकन भुंगा हा छोटा कीटक १९८३ साली आपल्या देशात आणला गेला आणि पुढच्या वर्षी बंगळुरूकडे सोडला गेला. तो व त्याच्या अळ्या गाजरगवताची पाने खातात. पावसाळ्यात त्यांचे काम जोरात चालते, थंडीत भुंगे जमिनीत दडतात. भुंगे दिसतील तिथे औषध फवारू नका. तणनाशक वापरायचेच असेल तर कृषी विभागाच्या कर्मचाऱ्याला विचारून, फक्त पडीक जागेत, शेजारच्या तुरी-सोयाबीनवर वारा जात नाही ना हे पाहून वापरा.

एकट्याने आपला बांध साफ करून भागत नाही, कारण गायरान, शाळेचे मैदान आणि रस्त्याची कड यांवरून बी पुन्हा येतेच. जबलपूरच्या तण संशोधन संचालनालयातर्फे दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट हा गाजरगवत जागृती सप्ताह पाळला जातो. त्या आठवड्यात गावाने एक दिवस ठरवावा. घरटी एक माणूस निघाला तर दोन तासांत गावठाण मोकळे होते. ज्याचा चेहरा भाजून निघाला आहे, त्याला त्या दिवशी घरी बसवा. त्याच्या वाट्याचे गवत आपण उपटू.

दुखणे हत्तीच्या पायाने येते आणि मुंगीच्या पायाने जाते म्हणतात. हे दुखणे तर चिवट आहे, एका हंगामात जाणार नाही. पण डॉक्टरांचे औषध चेहऱ्यावर आणि आपले खुरपे बांधावर, असे दोन्हीकडून काम चालू राहिले तर माणसाला तोंड झाकून बाजारात बसावे लागत नाही. कळावे.